उजेडातून रसायने

आज पदवी घेणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

पवई तलाव तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्याच्या पाण्यातून आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी एक सायनोबॅक्टेरिया, म्हणजे नीलहरित जिवाणू, वेगळा काढला. सिनेकोकॉकस इलाँगेटस पीसीसी ११८०१ हे त्याचे नाव. २०१८मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली. उजेड मिळाला की साध्या हवेतल्या कार्बन डायऑक्साइडवर तो सुमारे २.३ तासांत दुप्पट होतो. शिवाय बाहेरचा डीएनए आपणहून आत घेतो, त्यामुळे त्याच्या जनुकांत फेरफार करणे सोपे जाते. अशा जिवाणूंकडून कारखान्याला लागणारी रसायने करून घ्यायची, हे काम तुमच्या पिढीने अंगावर घ्यावे, असे मला मनापासून वाटते.

इथिलीनचेच पाहा. अढीतला आंबा पिकवतो तोच हा वायू. पॉलिथिनची पिशवी, पाण्याचा पाइप, सगळ्यांच्या मुळाशी तो आहे. आज नाफ्था किंवा इथेन आठशे अंशांच्या आसपास तापवून तो मिळवतात आणि त्या भट्ट्यांना खनिज इंधन लागते. २०१२मध्ये अमेरिकेतल्या एनआरईएल या राष्ट्रीय प्रयोगशाळेने झाडांना रोग लावणाऱ्या एका जिवाणूचे जनुक सिनेकोसिस्टिस या सायनोबॅक्टेरियात घातले आणि उजेडात, कार्बन डायऑक्साइडपासून सातत्याने इथिलीन मिळवून दाखवले. वायू पेशीतून आपोआप बाहेर पडतो. पेशी गोळा करा, फोडा, ही यातायात वाचते. पण प्रकाशसंश्लेषणात त्याच वेळी ऑक्सिजनही सुटतो, आणि बंद पात्रात हे दोन वायू साठणे म्हणजे स्फोटाची तयारी. हा पेच केमिकल इंजिनिअरनेच सोडवायचा आहे.

त्याहून अवघड गोष्ट उजेडाची. साखरेवर जिवाणू वाढवणाऱ्या टाकीत साखर ढवळून तळापर्यंत पोचवता येते, उजेड तसा पोचत नाही. पेशी दाट झाल्या की वरच्या थरातल्या पेशी गरजेपेक्षा जास्त उजेड शोषतात आणि उष्णतेच्या रूपात वाया घालवतात. काही सेंटिमीटर खाली अंधार असतो. म्हणून उथळ पात्रे हवीत, त्यासाठी जागा हवी, आणि खर्च तिथेच वाढतो. जूल ही अमेरिकन कंपनी याच वाटेने इंधन करायला निघाली आणि २०१७मध्ये बंद झाली. खनिज तेलाच्या भावाशी पहिल्याच डावात भिडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांना किलोमागे चांगला भाव मिळतो अशा रसायनांपासून सुरुवात करावी. पवईच्या त्याच जिवाणूकडून सक्सिनिक आम्ल मिळवण्याचे काम २०२०मध्ये प्रसिद्ध झाले आहे. ही दिशा मला योग्य वाटते.

या क्षेत्रात गेलात तर एक पथ्य पाळा. लिटरमागे किती ग्रॅम, किती दिवसांत, आणि उजेड दिव्याचा की उन्हाचा, या तिन्ही गोष्टी एकत्र सांगा. दिव्याला लागलेली वीज हिशेबात धरा. पेशींना लागणारे पाणी आणि फॉस्फेटही धरा.

पालकांना माझी हात जोडून विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी या कामाकडे वळली, तर पहिली काही वर्षे पगार शेजाऱ्यांच्या मुलांपेक्षा कमी असेल. तेवढी वर्षे घरून घाई करू नका.