‘ध’ चा ‘मा’ नक्की कुणी केला?

मध्ययुगीन इंग्लंडमधल्या मर्डर मिस्ट्री वाचणाऱ्यांना एलिस पीटर्सचा ब्रदर कॅडफेल माहीत असेलच. बाराव्या शतकातल्या श्रूजबरीच्या मठात औषधी झाडं लावणारा आणि जमेल तसे खून उलगडणारा साधू. पण आज बोलूया जोसेफिन टेच्या ‘द डॉटर ऑफ टाइम’बद्दल, आणि तिथून थेट आपल्या गंगापूर रोडवरच्या आनंदवल्लीबद्दल.

टेची ही कादंबरी १९५१ची. पाय मोडून हॉस्पिटलमध्ये पडलेला इन्स्पेक्टर ग्रँट पलंगावरूनच १४८३ची केस उघडतो. बारा वर्षांचा राजा पाचवा एडवर्ड आणि त्याचा धाकटा भाऊ टॉवर ऑफ लंडनमधून गायब झाले. आरोप काकावर, म्हणजे तिसऱ्या रिचर्डवर. ग्रँट विचारतो, हे सांगतंय कोण, आणि कधी? रिचर्डला राक्षस ठरवणारं बरंचसं लिखाण त्याला हरवणाऱ्या ट्यूडर घराण्याच्या राज्यात झालं. शेक्सपिअरचं नाटकसुद्धा.

काका-पुतण्या म्हटल्यावर तुमच्या डोक्यात शनिवारवाडा आलाच असेल!

३० ऑगस्ट १७७३. गणपतीचे दिवस. अठरा वर्षांचे नारायणराव पेशवे गारद्यांना चुकवत काकांच्या, म्हणजे रघुनाथरावांच्या दालनाकडे धावतात. सुमेरसिंग गारदी आणि त्याचे साथीदार त्यांना तिथेच मारतात. मध्ये पडलेला सेवक चापाजी टिळेकरही मरतो. पुढची गोष्ट आपल्याला पाठ आहे: रघुनाथरावांनी ‘धरावे’ लिहिलं होतं, आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला.

आता ग्रँटसारखं विचारू. ती चिठ्ठी कुठाय? आज कुणी ती काढून दाखवू शकत नाही. ही गोष्ट ठळकपणे भेटते ती ग्रँट डफच्या मराठ्यांच्या इतिहासात. तो छापला गेला १८२६ला, म्हणजे खुनानंतर ५३ वर्षांनी. मूळ कागद रामशास्त्र्यांना नंतर सापडला, असं डफ सांगतो. पण अक्षर आनंदीबाईंनी बदललं याला त्याचा आधार काय? तर सगळे तसं मानतात, एवढाच. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, फाइल बदलली म्हणताय, पण कुणाच्या लॉगिनवरून ते लॉगमध्ये नाही.

मला जास्त खटकतं ते वेगळंच. या गोष्टीने फायदा कुणाचा होतो? रघुनाथरावांचा! ते फक्त ‘धरा’ म्हणाले, बाकी सगळं बायकोने केलं. अहो, पण गादीवरच्या पेशव्याला गारद्यांकडून पकडायला लावणं हा काय किरकोळ गुन्हा झाला?

आणि आपल्याकडे खरा तपास झाला होता, हे आपण विसरतो. रामशास्त्री प्रभुणे न्यायाधीश होते. त्यांनी सत्तेवर बसलेल्या रघुनाथरावांनाच दोषी धरलं, याला देहान्त प्रायश्चित्तच आहे असं तोंडावर सांगितलं आणि पुणं सोडलं. त्यांचा निकाल काकावर होता. आपल्या भाषेने मात्र वाक्प्रचार केला तो काकूवर.

आनंदीबाई निर्दोष होत्या असं मी म्हणत नाहीये. नवऱ्याला गादी मिळावी असं त्यांना वाटत असणार, कटाची कुणकुणही असू शकेल. पण संशय वेगळा आणि पुरावा वेगळा. त्या १७९४ मध्ये आनंदवल्लीत वारल्या. गावाला नाव त्यांचंच. नवश्या गणपतीला जाताना आपण ते दिवसातून दहादा घेतो, आणि ऑफिसात कुणी ईमेल फिरवला की ‘ध चा मा केला’ म्हणून मोकळे होतो. म्हणजे दर वेळी एका बाईला पुराव्याशिवाय शिक्षा!

रिचर्डसाठी इंग्लंडमध्ये लोक आजही भांडतात. २०१२ मध्ये लेस्टरच्या कार पार्किंगखाली त्याचा सांगाडा सापडला, तोही अशाच वेड्या चाहत्यांच्या पाठपुराव्याने. आनंदीबाईंची फाइल निदान उघडी तरी ठेवूया.

तुम्हाला काय वाटतं, नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!