थंडीची बेगमी

आपल्या इकडे हिंवाळा हा वर्षांतला सुखाचा ऋतु मानतात. हुरडा, बाजरीची भाकरी, सकाळचें कोंवळें ऊन आणि फार झालें तर अंगणांतली शेकोटी, एवढ्यांत आपली थंडी संपते. म्हणून घर ऊबदार ठेवणें हा अन्नवस्त्रांच्या बरोबरीचा प्रश्न असूं शकतो, आणि त्यासाठीं सरकारला आणीबाणीचे उपाय योजावे लागतात, ही गोष्ट आपल्या लवकर ध्यानांत येत नाहीं. १९४७ च्या हिंवाळ्यांत अशी पाळी ब्रिटनवर आली होती. जो देश कोळशाच्या बळावर जगाचा कारखानदार झाला, त्याच देशांत कोळशावांचून घरें गारठलीं आणि कारखाने बंद पडले. त्या प्रसंगीं सरकारनें काय केलें, काय करावयाचें राहिलें, आणि त्यांतून कोणता बोध घ्यावा, याचा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम त्या काळचें इंग्लंडांतील घर डोळ्यांसमोर आणूं या. बैठकीच्या खोलींत भिंतींत बांधलेली एक आगटी असे. तींत दगडी कोळसा जळे आणि संध्याकाळीं सारें कुटुंब तिच्याभोंवतीं बसे. पुष्कळ घरीं स्वयंपाक गॅसवर होई. पण तो गॅसहि कोळसा भाजूनच काढलेला असे. दिवा विजेचा असला, तरी ती वीजहि कोळशानें पाणी तापवून, वाफेच्या जोरावर निर्माण केलेली. आगगाड्या कोळशावर चालत, गिरण्याहि कोळशावर चालत. सारांश, ऊब, उजेड, अन्न आणि रोजगार या चारहि गोष्टींची नाडी एकाच खनिजाच्या हातीं होती.

या खनिजाची चणचण थंडीपूर्वींच सुरू झालेली होती. युद्धापूर्वीं, म्हणजे १९३८ सालीं, ब्रिटनच्या खाणींतून सुमारें २३ कोटी टन कोळसा निघाला होता. १९४६ सालीं हा आंकडा १९ कोटींच्या आसपास आला. युद्धकाळांत तरुण माणसें खाणी सोडून सैन्यांत आणि शस्त्रांच्या कारखान्यांत गेलीं. मनुष्यबळ इतकें अपुरें पडलें कीं, १९४३ च्या अखेरीपासून सक्तीनें भरती होणाऱ्या तरुणांपैकीं सुमारें दहांतला एक, चिठ्ठ्या टाकून, रणांगणाऐवजीं खाणींत पाठवावा लागला. यंत्रसामुग्री जुनी झाली होती. उलट, युद्ध संपतांच कारखाने जोरानें चालूं लागले आणि मागणी वाढली. घरगुती कोळशाच्या वांटपावर नियंत्रण होतें. म्हणून लोकांनीं विजेच्या शेगड्या विकत घेतल्या. विजेला कांहीं शिधापत्रिका लागत नव्हती! प्रत्येकाला वाटलें, आपण आपला कोळसा वांचविला. वस्तुतः तो घरच्या आगटींत जळण्याऐवजीं वीजघराच्या भट्टींत जळूं लागला, इतकेंच.

१ जानेवारी १९४७ रोजीं ब्रिटनच्या कोळशाच्या खाणी राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या. खाणीखाणीवर तशा अर्थाचे फलक लागले. कामगारांनीं ज्या दिवसाची वर्षानुवर्षें वाट पाहिली होती तो दिवस उगवला, म्हणून आनंद होणें स्वाभाविक होतें. परंतु त्या आनंदांत एक साधें गणित मागें पडलें. हिंवाळ्याच्या तोंडाशीं सांठा किती, दर आठवड्यास खाणींतून निघणार किती आणि जळणार किती, एवढेंच तें गणित. सरकारांतीलच कांहीं जाणकारांनीं १९४६ सालींच त्याचें उत्तर मांडून दाखविलें होतें. इंधनमंत्री इमॅन्युएल शिनवेल यांनीं मात्र जनतेला धीर दिला. कागदावरील आंकड्यांपेक्षां कामगारांच्या नव्या उत्साहावर त्यांनीं अधिक भरंवसा ठेवला. आशा बाळगणें हा दुर्गुण नव्हे. पण कोठार आशेनें भरत नाहीं.

जानेवारीच्या मध्यास व्यापारमंत्री सर स्टॅफर्ड क्रिप्स यांनीं कारखान्यांच्या कोळशाला कात्री लावणारी एक योजना जाहीर केली. १९४२ सालीं राजकीय योजना घेऊन हिंदुस्थानांत आले होते, तेच हे क्रिप्स. परंतु या योजनेचें फळ दिसण्यापूर्वींच निसर्ग पुढें आला. २२ जानेवारीपासून १७ मार्चपर्यंत असा एकहि दिवस गेला नाहीं, कीं ज्या दिवशीं ब्रिटनच्या कोणत्या ना कोणत्या भागांत बर्फ पडलें नाहीं. लंडनजवळील क्यूच्या वेधशाळेंत २ फेब्रुवारीपासून २२ फेब्रुवारीपर्यंत सूर्यप्रकाशाची नोंदच झाली नाहीं. रस्ते आणि लोहमार्ग बर्फाखालीं बुजून गेले. कोळशानें भरलेल्या वाघिणी खाणींच्या तोंडाशींच उभ्या राहिल्या. ईशान्येकडील बंदरांतून लंडनला कोळसा घेऊन येणाऱ्या बोटी वादळांत अडकून पडल्या. कोळसा होता, पण जेथें हवा तेथें तो नव्हता. सांठा पुरेसा असता, तर कांहीं आठवड्यांचा हा खोळंबा सोसतां आला असता. सांठाच नसल्यामुळें वाहतूक थांबतांच वीजघरांच्या भट्ट्या विझण्याची वेळ आली. थंडीनें टंचाई निर्माण केली नाहीं. असलेली टंचाई तिनें उघडी पाडली.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी रोजीं शिनवेल यांनीं कॉमन्स सभेंत उठून जें निवेदन केलें, त्यानें देश स्तंभित झाला. लंडन व आग्नेय इंग्लंड, मध्यभाग आणि वायव्य भाग येथील कारखान्यांना सोमवारपासून वीज मिळणार नाहीं. त्याच भागांतील घरांतून सकाळीं ९ ते १२ आणि दुपारीं २ ते ४ या वेळांत विजेचा वापर करावयाचा नाहीं, असें त्यांनीं सांगितलें. रुग्णालयें आणि अत्यावश्यक सेवा तेवढ्या वगळण्यांत आल्या. घरगुती वापराचे हे निर्बंध पुढें लवकरच सर्व देशाला लागू झाले. ध्यानांत घ्या, शुक्रवारीं सांगितलें आणि सोमवारीं अंमल! ज्या गोष्टीची तयारी करावयास सबंध उन्हाळा मिळाला होता, तिच्यासाठीं लोकांना शनिवार आणि रविवार असे दोन दिवस मिळाले.

त्यानंतर जे उपाय झाले, त्यांत मात्र कुचराई नव्हती. पंतप्रधान ॲटली यांनीं या प्रश्नांत स्वतः लक्ष घातलें. रेल्वेवर इतर वाहतुकीपेक्षां वीजघरांकडे जाणाऱ्या कोळशाला अग्रक्रम मिळाला व उतारूंच्या गाड्या कमी झाल्या. लोहमार्ग मोकळे करण्यासाठीं सैनिक आले. ब्रिटनमध्यें राहिलेले पोलिश सैनिक आले. युद्ध संपून पावणेदोन वर्षें झालीं तरी मायदेशीं न परतलेले जर्मन युद्धकैदीहि हातांत फावडें घेऊन उभे राहिले. तुटलेल्या गांवांना विमानांतून अन्नसामुग्री टाकण्यांत आली. अशाच एका कामगिरीवर असतां १३ फेब्रुवारी रोजीं एक लष्करी विमान स्टॅफर्डशायरच्या डोंगराळ भागांत कोसळलें आणि आंतील आठहि माणसें प्राणांस मुकलीं.

करमणुकीलाहि कात्री लागली. कुत्र्यांच्या शर्यती बंद झाल्या. बी.बी.सी.नें दूरचित्रवाणीचे कार्यक्रम आणि अभिरुचिसंपन्न श्रोत्यांसाठीं चालविलेला तिसरा कार्यक्रम कांहीं काळ थांबविला. साप्ताहिकांचें व मासिकांचें प्रकाशन दोन आठवडे बंद ठेवण्यांत आलें. कचेऱ्यांत मेणबत्त्यांच्या उजेडांत हिशेब लिहिले गेले. गॅसच्या कारखान्यांतून निघणारा कोक मिळावा म्हणून बायामाणसें रांगा लावीत, आणि तो घरीं नेण्यासाठीं बाबागाड्या आणीत. ज्या गाडींत मूल निजावयाचें तींत काळा कोक घालून, बर्फांतून ती ढकलीत नेणारी गृहिणी हें त्या हिंवाळ्याचें खरें चित्र होय. कारखाने बंद झाल्यामुळें वीस लाखांहून अधिक कामगारांना घरीं बसावें लागलें. त्यांना बेकारीचा भत्ता मिळाला; पण भत्त्यानें घरची आगटी पेटत नाहीं.

आतां या उपायांची पारख करूं. त्यांत दोन गोष्टी निःसंशय चांगल्या होत्या. पहिली ही कीं, निर्बंध सर्वांना सारखे होते. ठराविक वेळीं वीज नाहीं म्हणजे ती श्रीमंताच्या दिवाणखान्यांतहि नाहीं आणि मजुराच्या खोलींतहि नाहीं. किंमत वाढवून मागणी कमी करण्याचा एक मार्ग असतो. पण त्या मार्गानें गेल्यास पैसेवाल्याच्या घरीं ऊब राहते आणि गरिबाच्या घरीं थंडी. दुसरी गोष्ट अशी कीं, कशाला आधीं आणि कशाला मागून, हा क्रम ठरलेला होता. लाखों घरांत कोण दिवा लावतो हें पाहण्यास पोलिस पुरे पडले नसते. तरीहि बहुसंख्य लोकांनीं नियम पाळले. सहा वर्षें युद्ध सोसलेल्या त्या समाजाला हालअपेष्टा समान वांटून घेण्याची संवय झाली होती. त्या संवयीवरच सरकार तरलें. मध्यभागांतील कारखान्यांना २४ फेब्रुवारीपासून आणि इतर भागांतील कारखान्यांना ३ मार्चपासून पुन्हां वीज मिळूं लागली.

परंतु याच सहकार्यामुळें सरकारवरचा आरोप अधिक गंभीर होतो. ज्या लोकांनीं फेब्रुवारींत पांच तासांचा अंधार निमूटपणें सोसला, त्यांना ऑक्टोबरांतच खरें सांगितलें असतें तर त्यांनीं ऐकलें नसतें काय? शरद ऋतूंत दर घरानें थोडी वीज वांचविली असती, दर कारखान्यानें थोडें काम पुढें ढकललें असतें, तर वीजघरांच्या अंगणांत कोळशाचे ढीग उभे राहिले असते. थोड्या कष्टांनीं अगोदर जें साधलें असतें, तें मागाहून फार मोठ्या कष्टांनीं साधावें लागलें. या गोंधळामुळें सुमारें २० कोटी पौंडांची निर्यात बुडाली, असा अंदाज त्या वेळीं करण्यांत आला. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत इंधनखातें शिनवेल यांच्याकडून काढून ह्यू गेट्स्केल यांच्याकडे देण्यांत आलें.

या हिंवाळ्याचा आपल्या देशाच्या इतिहासाशींहि कालदृष्ट्या संबंध आहे. जून १९४८ पूर्वीं हिंदुस्थानांतील सत्ता हिंदी हातांत सोंपविण्याचा निश्चय ॲटली यांनीं कॉमन्स सभेंत जाहीर केला, तो २० फेब्रुवारी १९४७ रोजीं. म्हणजे ऐन इंधनसंकटांत. दुसऱ्याच दिवशीं ब्रिटननें अमेरिकेला कळविलें कीं, ग्रीस आणि तुर्कस्तान यांना मदत देणें आपणांस यापुढें झेपणार नाहीं. हिंदुस्थानचें स्वातंत्र्य कोळशाच्या टंचाईनें आलें, असें म्हणणें हा पोरकटपणा होईल; त्यामागें लाखों लोकांचा त्याग आणि दीर्घ लढा होता. पण ज्या साम्राज्याला राजधानींतील घरें ऊबदार ठेवतां येईनात, त्याची शक्ति किती ओसरली होती, हें त्या पंधरवड्यांत जगाला दिसलें.

पुढें काळ पालटला. १९५२ च्या विषारी धुक्यानंतर १९५६ सालीं ब्रिटननें हवा शुद्ध राखण्याचा कायदा केला. घरगुती कोळशावरील नियंत्रण १९५८ सालीं उठलें. मग उत्तर समुद्रांतील नैसर्गिक वायु घरोघर पोंचला, आणि ३० सप्टेंबर २०२४ रोजीं ब्रिटनमधील कोळशावर चालणारें शेवटचें वीजघर बंद झालें. इंधन बदललें, प्रश्न मात्र बदलला नाहीं. २०२२ सालीं रशियाकडून युरोपांत येणारा वायु घटला, तेव्हां हीच चिंता पुन्हां उभी राहिली. या वेळीं युरोपीय संघानें जूनमध्येंच नियम केला कीं, १ नोव्हेंबरपूर्वीं वायूचीं कोठारें निदान ८० टक्के भरलीं पाहिजेत. आणि ऑगस्टपासून मार्चपर्यंत वापर १५ टक्क्यांनीं कमी करण्याचें आवाहनहि केलें. जर्मनींत सार्वजनिक कचेऱ्या १९ अंशांपलीकडे तापवूं नयेत, असा हुकूम निघाला. थंडीहि त्या वर्षीं सौम्य पडली व संकट निभावलें. मात्र त्यासाठीं युरोपनें बाजारांतला वायु वाटेल त्या भावानें उचलला, आणि पाकिस्तान, बांगला देश यांसारख्या देशांना तो परवडेनासा झाला. कोठार वेळेवर भरावें हा धडा युरोप शिकला. हाल समान वांटून घ्यावे हा १९४७ चा दुसरा धडा देशाच्या सीमेपाशींच थांबला.

आपल्या घरांतील वडीलधारीं माणसें मृग लागण्यापूर्वींच पावसाळ्याची बेगमी करीत. लांकडें फोडून रचलीं जात, धान्य उन्हें दाखवून कणगींत भरलें जाई, कौलें चाळलीं जात. पाऊस यंदा कमी पडेल, अशी आशा धरून कोणी कौलें तशींच ठेवीत नसे. तहान लागल्यावर विहीर खणूं नये, हें आपण मुलांना सांगतों. राज्यकर्त्यांनाहि तेंच लागू आहे. तहान लागल्यावरहि विहीर खणावी लागते, आणि १९४७ सालीं ब्रिटिश सरकारनें ती नेटानें खणली, याचें श्रेय त्याला द्यावयास हवें. पण त्या वेळपर्यंत तहानलेल्यांनीं काय सोसलें, याचा हिशेबहि त्याच्याच नांवावर मांडला पाहिजे. संकटांत लोक सरकारला साथ देतात. त्या साथीस पात्र व्हावयाचें असेल, तर संकट दूर आहे तोंवरच त्यांना खरें सांगावयास हवें.