व्यायामाचा तास कोठें ठेवावा ?



शाळेच्या वेळापत्रकांत गणित असतें, मराठी असतें, विज्ञान असतें आणि एखाद्या कोपऱ्यांत 'शा. शि.' अशीं दोन अक्षरें असतात. हा कोपरा बहुधा दिवसाच्या शेवटीं असतो. वर्षाच्या आरंभीं तेथें शिट्टी वाजते. चाचणी परीक्षा जवळ आली, कीं त्याच वेळीं गणिताचे शिक्षक वर्गांत शिरतात आणि मुलें निमूटपणें चेंडू कपाटांत ठेवतात. असा उसना नेलेला तास पुढें कोणी परत केल्याचें माझ्या तरी ऐकिवांत नाहीं.

मला आज बोलावयाचें आहे तें सहावी ते आठवीच्या मुलामुलींविषयीं, आणि तेंही देहू गांव डोळ्यांपुढें ठेवून. इंद्रायणीकांठचें हें क्षेत्र आतां पूर्वीचें खेडें राहिलेलें नाहीं. एकीकडे पिंपरी-चिंचवड, दुसरीकडे तळेगांव व चाकण येथील कारखाने. कामाच्या निमित्तानें मराठवाड्यांतून, विदर्भांतून, परप्रांतांतूनहि आलेलीं कुटुंबें या टापूंत एक-दोन खोल्यांचीं बिऱ्हाडें करून राहतात. गुरें वळणें, पाणी शेंदणें, नदींत डुंबणें यांत पूर्वीं मुलाचा व्यायाम कोणी न सांगतां होऊन जाई. आतां बिऱ्हाडास अंगण नाहीं, रस्त्यावर मालमोटारींची रांग आहे, आणि मुलास निर्धास्तपणें उतरूं द्यावें असें नदीचें पाणीहि राहिलेलें नाहीं. तेव्हां घराबाहेर जें आपोआप घडत होतें, तें शाळेच्या दिवसांतच बसविणें भाग आहे.

वेळ कोठून आणावा, हा मुख्याध्यापकांचा पहिला प्रश्न, आणि तो रास्त आहे. २००९ च्या बालशिक्षणहक्क कायद्यानें या इयत्तांस वर्षाला किमान २२० दिवस व १००० तास अध्यापन ठरवून दिलें आहे. म्हणजे दिवसास सुमारें साडेचार तास. त्यांतून रोज अर्धा तास व्यायामास दिला, तर वर्षाचे ११० तास जातात. हा आंकडा लहान नाहीं, तो लपवूंहि नये. परंतु हे तास 'गेले' असें म्हणणें मात्र चूक आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें अभ्यासाचे विषय आणि अभ्यासेतर विषय हा भेदच मोडावयास सांगितला आहे. शारीरिक शिक्षण हा शिक्षणाचाच विषय असेल, तर त्याचे तास त्या हजारांतलेच होत.

आठवड्यांतून दोन तास दिले तर चालणार नाहीं काय, असें कोणी विचारील. चला, हिशोब करूं. पस्तीस मिनिटांच्या तासांतील दहा मिनिटें रांग करण्यांत, हजेरींत व साहित्य काढण्यांत जातात. उरल्या पंचवीस मिनिटांत पंचेचाळीस मुलांच्या वर्गास एक चेंडू दिला, तर प्रत्येकाच्या वांट्यास तो अर्ध्या मिनिटाहून किंचित् अधिक येतो. खरोखरी तेवढाहि येत नाहीं. चार दांडगीं मुलें तो आपसांत खेळवितात व बाकीचीं कडेला उभीं राहतात. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं पांच ते सतरा वर्षांच्या मुलांस दररोज सरासरी साठ मिनिटें दम लागेल अशी हालचाल हवी असें सांगितलें. शाळेनें त्यांतलीं निम्मीं तरी उचलावींत, हें माझें मागणें माफक आहे.

आतां हा अर्धा तास दिवसांत कोठें ठेवावा? शेवटीं नको, मुलांचें लक्ष तेव्हां घराकडे असतें, आणि उन्हाळ्याच्या तोंडीं तर मैदान तापलेलें असतें. शालेय पोषण आहारानंतरहि नको. भरल्या पोटीं धांवावयास लावणें हा जुलूम आहे. तो जेवणाच्या सुट्टीला लागून, तिच्या आधीं ठेवावा. दोन-तीन तास बांकावर बसून आंखडलेलें शरीर तेव्हां मोकळें होऊं पाहतें, खेळून आल्यावर भूक लागते, आणि हातपाय धुऊन जेवावयास बसण्याची संवय आयतीच जडते. सर्व वर्गांस एकाच वेळीं मैदान पुरणार नाहीं. म्हणून सहावी एका तासाला, सातवी दुसऱ्याला असें पुढेंमागें करावें लागेल. ही खटपट अटळ आहे.

काय शिकवावें, याविषयीं देहूकरांस दूर जावें लागत नाहीं. तुकोबांच्या गाथेंत हुतूतू, फुगडी, हमामा, टिपरी, चेंडूफळी या खेळांवर अभंग आहेत. ज्येष्ठ वद्य सप्तमीस पालखीचें प्रस्थान होतें, त्या सुमारास शाळाहि नुकत्याच उघडलेल्या असतात. त्या दिवसांत टाळकऱ्यांची पावली पाहावी: समोरासमोर दोन रांगा, मृदंगाचा ठेका, पुढें पाऊल, मागें पाऊल, बैठक, उडी, गिरकी. सत्तरीचा म्हातारा आणि दहा वर्षांचा पोर एकाच ठेक्यावर चालतात, आणि कोणी कोणाचा नंबर काढीत नाहीं. ज्याच्या घरीं वारी नाहीं, त्या मुलासहि हीं पावलें टाकतां येतात. लेझीम याच जातीचें. खो-खोस दोन खांब व फक्की एवढेंच पुरे. दोन मैदानें आंखलीं, कीं छत्तीस मुलें एकदम सामावतात.

अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिक मेळ्यांत भारतीय खेळांचीं प्रात्यक्षिकें करून वाहवा मिळविली, याचा आपणां सर्वांस अभिमान आहे. पण निवडक पथक ही एक गोष्ट आणि सबंध वर्ग ही दुसरी. शाळा स्नेहसंमेलनासाठीं वीस चपळ मुलें निवडते, दोन महिने त्यांनाच घोटते, आणि ज्यांस व्यायामाची खरी गरज आहे तीं जाड, अशक्त, लाजाळू मुलें टाळ्या वाजवावयास बसवते. यापरता उफराटा व्यवहार दुसरा नाहीं.

तशीच गोष्ट मुलींची. बाराव्या-तेराव्या वर्षीं पुष्कळ मुली मैदान सोडतात. त्यांस आवड नसते म्हणून नव्हे. गणवेश अडचणीचा असतो, कपडे बदलावयास आडोसा नसतो, मासिक पाळीविषयीं बाईंशीं बोलण्याची सोय नसते, आणि मुलगे हंसतात. वारीच्या रिंगणांत डोक्यावर तुळस घेऊन धांवणाऱ्या बायांस हंसण्याची कोणाची छाती होत नाहीं. मग शाळेच्या मैदानावरच कां व्हावी?

शिक्षकांची अडचण निराळी. कायद्यानें शंभरांहून अधिक पट असलेल्या या इयत्तांच्या शाळेस आरोग्य व शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक सांगितला आहे. लहान शाळेंत मात्र इतिहासाच्या गुरुजींच्याच गळ्यांत शिट्टी पडते. त्यांनीं कोलांट उडी मारून दाखविण्याचें कारण नाहीं. त्यांनीं मैदानावर उभें राहावें, सर्व मुलें हालत आहेत ना एवढें पाहावें, आणि गणिताच्या शिक्षकांस त्या वेळीं गोड शब्दांत परत पाठवावें.

राहिला पाऊस. याच इंद्रायणीच्या उगमाकडे, लोणावळ्यास, स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ सालीं कैवल्यधाम स्थापून योगक्रियांची प्रयोगशाळेंत परीक्षा मांडली. झड लागली असेल त्या दिवशीं ओसरीवर आसनें व सूर्यनमस्कार घ्यावेत. मात्र ओसरीची सोय झाली म्हणून मुलांस वर्षभर तेथेंच बसवूं नये. श्रावणांत उघडीप पडून मैदान वाळलें, कीं त्याच दिवशीं त्यांना बाहेर काढावें, मग चार जणांचे कपडे चिखलानें भरले तरी चालतील.