आराखडा आणि हात



हुमनाबाद तालुक्यातील हळ्ळीखेड (बी) या गावाहून पश्चिमेचा समुद्र चारशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. पूर्वेचाही काही जवळ नाही. अशा गावातील एखाद्या मुलाने लाकडी जहाजाच्या प्रतिकृतीचा संच टपालाने मागविला, तर घरातील वडीलधारी मंडळी विचारणारच, "अरे, उन्हाळ्यात ओढ्याला पाणी नसते, आणि तुला जहाज कशाला हवे?" प्रश्न रास्त आहे. परंतु अजिंठ्याचे डोंगरही समुद्रापासून दूरच आहेत, आणि तरीही तेथील एका भिंतीवर पाचव्या शतकातील चित्रकाराने शिडांचे जहाज रंगविले आहे. त्या चित्राकडे आपण पुढे पुन्हा वळणारच आहोत.

आधी हा संच म्हणजे काय ते पाहू. पेटीत कण्याची एक लांब फळी, तिच्या खाचांत बसणाऱ्या फासळ्या, पातळ लाकडी पट्ट्यांच्या जुड्या, डोलकाठ्यांसाठी गोल काठ्या, दोऱ्याची रिळे आणि एक मोठा आराखडा असतो. प्रमाण एकास चौसष्ट असेल, तर प्रतिकृतीवरील पाव इंच म्हणजे खऱ्या जहाजावरील सोळा इंच. साहजिकच सरसाचा पाव इंचाचा थेंब तेथे सोळा इंचांचा ढेकूळ होऊन बसतो. लहान आकार चुका लहान करीत नाही, हा पहिला धडा.

कामाचा क्रम मोठ्या गोदीतल्यासारखाच असतो. प्रथम कण्यावर फासळ्या सरस न लावता बसवून पाहावयाच्या, गुण्या लावून त्या काटकोनात आहेत की नाहीत हे तपासावयाचे, आणि मगच चिकटवावयाच्या. पुढे त्यांच्या कडा काचकागदाने अशा उतरत्या करावयाच्या की, वर आडवी धरलेली पट्टी प्रत्येक फासळीला टेकली पाहिजे. हे काम कंटाळवाणे असते. त्यात दाखविण्यासारखे काही नसते. म्हणून पुष्कळजण ते अर्धवट टाकून पट्ट्या ठोकावयास घेतात.

पट्ट्या एक डावीकडे, एक उजवीकडे अशा आळीपाळीने लावाव्या लागतात. एकाच बाजूला लावीत गेले तर कणा पिळवटतो. जहाजाचा घेर मध्यभागी मोठा आणि नाळेकडे लहान, म्हणून प्रत्येक पट्टी टोकाशी निमुळती करावी लागते. ती वाकविण्यासाठी भिजवावी लागते. आणि ओलीच चिकटविली तर सुकताना आकसून दोन पट्ट्यांत फट पडते. आपल्या पठारावरील वैशाखाच्या कोरड्या हवेत तर ही फट हमखास दिसू लागते. म्हणून भिजविलेली पट्टी आकारात बांधून ठेवावी, पुरती सुकू द्यावी आणि नंतरच कायमची लावावी.

हे शेवटचे वाक्य आराखड्यात बहुधा नसते. पण गावातील जुन्या सुताराला ते सांगावे लागत नाही. उन्हाळ्यात बैलगाडीच्या चाकाचे लाकूड सुकते, लोखंडी धाव सैल होते, आणि गाडीवान ते चाक पाण्यात भिजत ठेवतो, हे त्याने जन्मभर पाहिलेले असते. लाकूड पाणी पिते, फुगते आणि आकसते, ही गोष्ट त्याच्या बोटांना ठाऊक असते.

अखेरचा हात फिरविण्याविषयीही असेच आहे. रोगणाखाली सर्व काही झाकले जाईल, अशी नवशिक्याची समजूत असते. वस्तुस्थिती उलट आहे. जेथे सरसाचा डाग राहिला तेथे रंग शोषला जात नाही आणि फिकट ठिपका उमटतो. जेथे काचकागद रेषांच्या आडवा फिरला तेथला प्रत्येक ओरखडा रोगणाने चमकू लागतो. आपल्या बिदरचे कारागीर हे फार पूर्वीपासून जाणतात. बिदरी भांड्यावर चांदीचे जडावकाम झाले, घासून गुळगुळीत झाले, की शेवटी किल्ल्यातील जुनी माती आणि नवसागर यांच्या योगाने ते काळे करतात. त्या काळ्या पार्श्वभूमीवर चांदीची प्रत्येक रेघ उठून दिसते, चुकलेलीसुद्धा. अखेरचा हात दोष झाकीत नाही, तो मागच्या सर्व हातांची साक्ष देतो.

आता दोन खऱ्या जहाजांची हकीकत सांगतो. मुंबईच्या गोदीत बांधावयाच्या एका युद्धनौकेचे आराखडे ब्रिटिश आरमाराने 'जावा' नावाच्या जहाजातून धाडले. 1812 च्या डिसेंबरात ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकन जहाजाशी झालेल्या लढाईत 'जावा' नष्ट झाले आणि त्याबरोबर आराखडेही गेले. त्यांच्या प्रती पुन्हा पाठविण्यात आल्या, आणि जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मलबारी सागवानाची 'त्रिंकोमाली' उभी राहिली. 12 ऑक्टोबर 1817 रोजी ती पाण्यात उतरली. इंग्लंडमधील हार्टलपूल येथे ती अजून तरंगते आहे.

दुसरी हकीकत अलीकडची. भारतीय नौदलाची 'कौंडिण्य' ही नौका अजिंठ्याच्या त्याच चित्रावरून बांधण्यात आली. तशा नौकेचा एकही आराखडा उरलेला नव्हता. म्हणून चित्रावरून आकार ठरविला आणि त्याची छोटी प्रतिकृती मद्रासच्या आयआयटीत पाण्यावर तपासली. मग बाबू शंकरन यांच्या नेतृत्वाखाली केरळच्या कारागिरांनी गोव्यात फळ्या काथ्याच्या दोरीने शिवून नौका तयार केली. 29 डिसेंबर 2025 रोजी ती पोरबंदरहून निघाली आणि 14 जानेवारी 2026 रोजी मस्कतला पोहोचली.

या दोन हकीकती शेजारीशेजारी ठेवून पाहा. आराखडा बुडाला तर त्याची प्रत काढता येते. मुळीच नसला तरी चित्रावरून तो नव्याने रचता येतो. पण फळ्या शिवणारे ते हात एका पिढीपूर्वीच थांबले असते तर? त्यांची प्रत कोणत्या कपाटातून काढली असती?

गावोगावी ट्रॅक्टर आले आणि गाडीची चाके घडविणाऱ्या सुताराचे काम उणावले. त्यात वाईट वाटून घेण्यापेक्षा करण्यासारखे एक काम आहे. मुलाने संच मागविला असेल तर त्याला रागावू नका. आराखडा त्याच्या हातात द्या, आणि पेटीसह त्याला गल्लीतील म्हाताऱ्या सुतारकाकांच्या ओट्यावर पाठवा. काकांनी समुद्र पाहिला नसेल आणि मुलाने रंधा धरला नसेल. पण दोघांचे मिळून जहाज नीट होईल. ते कपाटावर ठेवले जाईल, कधी पाण्यात उतरणार नाही. मात्र ते पुरे होईपर्यंत एका हातातली विद्या दुसऱ्या हातात पोहोचलेली असेल. आणि एवढ्यासाठी आठ-दहा महिन्यांच्या संध्याकाळी खर्ची पडल्या तर तो सौदा महाग नव्हे.