जुन्या बल्बवरचा नंबर



पौष लागला की तुळजापुरात शाकंभरी नवरात्राची गर्दी होते, आणि साखर कारखान्यांचा गाळप हंगामही ऐन भरात असतो. पहाटे येडशीच्या अंगाला किंवा तुळजापूरच्या घाटात धुकं उतरलं, की पुढं चाललेली उसाची ट्रॉली अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. मागं रिफ्लेक्टर नसला तर विचारूच नका. नेमका तेव्हाच बंपरमधला फॉग लॅम्प गेलेला असतो, आणि आपण दुकानात जाऊन म्हणतो, "चांगला झगझगीत बल्ब द्या."

झगझगीत कशाला? लांबचं दाखवणं हे या दिव्याचं कामच नाही. धुकं म्हणजे पाण्याचे बारीक थेंब. त्यांच्यावर पडलेला उजेड उलटून आपल्याच डोळ्यांत येतो. म्हणून हा दिवा खाली बसवतात आणि त्याचा झोत रुंद, चपटा, वरून कापलेला ठेवतात. रस्त्याची कड आणि पांढरा पट्टा दिसला, भागलं. बल्बमधली तार जागची जरा हलली, तरी हा झोत बिघडतो.

तेव्हा जुना बल्ब काढा आणि बुडावरचा नंबर वाचा. एच-८, एच-११, एच-१६ ही भावंडं दिसायला सारखी. पण १२ व्होल्टच्या गाडीत पहिला ३५ वॉटचा, दुसरा ५५चा, तिसरा अवघा १९चा. खाचा वेगवेगळ्या असतात, तरी त्या घासून ३५च्या जागी ५५चा बसवून देणारे महाभाग भेटतात. मग होल्डर वितळतो, वायर करपते. ट्रकचा २४ व्होल्टचा बल्ब तर निराळाच. हॅलोजनच्या दिव्यात एलईडी कोंबला की उजेड वाढल्यासारखा वाटतो, पण बहुतेकदा झोत विस्कटतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. पिवळा उजेड धुकं भेदतो, हाही समजच. धुक्याच्या थेंबांवर सगळेच रंग जवळपास सारखे विखुरतात. पिवळा काहींच्या डोळ्यांना सुसह्य वाटतो, इतकंच.

नवा बल्ब घेण्याआधी फ्यूज पाहा. बिचारा बल्ब कधी कधी शाबूत असतो. हॅलोजनची काच उघड्या बोटांनी धरू नका, बोटाचं तेल लागलेली जागा जास्त तापते. दिव्याची पुढची काच तडकली असेल तर आधी ती बदला, नाहीतर पाणी शिरून नवा बल्बही जाईल.

आणि ट्रॉलीवाल्या भावांनो, फडातून निघण्याआधी मागचा रिफ्लेक्टर पुसून घ्या. तो उसाखाली झाकला गेला असेल, तर दिसेल असा बाहेर बांधा.