जावेच्या गोळ्या आणि तुमचा डोस
(रनाळे येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रम सुरू होण्याआधी एका आपाने मला बाजूला घेऊन विचारलं, "डॉक्टरबाई, माझ्या जावेला पन्नासच्या गोळीने दिवस राहिले. मला शंभरनेही नाही. दीडशेची लिहून द्याल का?" नाव सांगत नाही, पण प्रश्न इथल्या बऱ्याच जणींचा असणार, म्हणून त्यावरच बोलते.

ही पन्नासची गोळी म्हणजे क्लोमिफेन, ५० मिलिग्रॅम. पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसात कधीतरी सुरू करून पाच दिवस घ्यायची. तिचं काम एकच, अंडाशयातून अंडं बाहेर पडायला मदत करायची. मूल देणं तिच्या हातात नाही. म्हणून दिवस राहिले नाहीत एवढ्यावरून डोस वाढवत नाहीत. अंडं तयारच झालं नाही, तर वाढवतात. पन्नासवर अंडं येत असेल तर तुमचा डोस पन्नासच. दीडशेच्या वर सहसा जात नाहीत, आणि सहा पाळ्यांनंतर तीच गोळी चालू ठेवण्यात फारसा अर्थ नसतो.

अंडं आलं की नाही हे सोनोग्राफीत दिसतं. अंड्याची पिशवी वाढत वाढत साधारण १८ ते २० मिलिमीटरची झाली की ती तयार. सोनोग्राफी किंवा रक्ततपासणी न करता महिन्यामागून महिने नुसता डोस वाढत असेल, तर "कशावरून वाढवला?" हे विचारा. विचारणं म्हणजे उद्धटपणा नाही.

पीसीओएस, म्हणजे पाळी दोन-दोन महिने न येणं, अंगावर केस वाढणं, असं असेल तर आता लेट्रोझोल आधी देतात; अडीच मिलिग्रॅमपासून साडेसातपर्यंत. अमेरिकेत ७५० स्त्रियांवर झालेला अभ्यास २०१४ मध्ये छापून आला. लेट्रोझोलवर शंभरात साधारण २७ जणींना मूल झालं, क्लोमिफेनवर १९. आपल्याकडे वंध्यत्वासाठी या औषधावर २०११ मध्ये बंदी आली होती, ती २०१७ मध्ये उठली.

इंजेक्शनचं गणित वेगळं. तिथे वय, वजन, एएमएच हा रक्ताचा रिपोर्ट आणि सोनोग्राफीत मोजलेल्या लहान पिशव्या, एवढं पाहून डोस ठरतो. पीसीओएस असलेल्या तरुण मुलीला कमीपासूनच सुरुवात करावी लागते. जास्त झाला तर एकदम खूप अंडी तयार होतात, पोटात पाणी भरतं, दम लागतो, रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेल आहे. तो तुम्हाला असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, गुठळीचा धोका त्यातही असतो.

आता आपांकडे परत येते. शंभरवर त्यांचं अंडं येत होतं, कागद पाहिले मी. मग दीडशे कशाला? नळ्या बंद आहेत का, हे पाहायला हवं. आपल्या देशात टीबीने गर्भनळ्या बंद होतात आणि बाईला खोकलासुद्धा नसतो. आणि नवऱ्याची वीर्यतपासणी? "त्यांची गरज नाही, असं सासूबाई म्हणतात."

चार वर्षं गोळ्या बाईने खायच्या, आणि सगळ्यात सोपी, स्वस्त तपासणी पुरुषाने करायची नाही! शेवटी "हिला मूल होत नाही" म्हणून तलाकची किंवा दुसऱ्या निकाहची भाषा. एका दमात दिलेला तलाक सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये रद्द ठरवला, २०१९ मध्ये कायदाही झाला. पण घरात बाईवर लागलेला ठपका कायद्याने जात नाही. तो पुष्कळदा एका रिपोर्टने जातो. मागे बसलेल्या भाईंनो, हे तुमच्यासाठी आहे.

रमजानबद्दलही विचारतात. ही गोळी दिवसातून एकदाच असते. सहरीला किंवा इफ्तारनंतर, पण रोज ठरलेल्या वेळी घ्या. रोजा आहे म्हणून मधला दिवस गाळू नका, आणि राहिलेली गोळी दुसऱ्या दिवशी दुप्पट करून खाऊ नका.

आपा, पुढच्या वेळी येताना जुने सगळे कागद आणा. भाईजानना सोबत आणा. गोळी तेव्हा ठरवू.