मोबाइलमधील विजेचे मोजमाप

शेताच्या बांधावर ई-पीक पाहणीची नोंद करीत असतानाच फोनची बॅटरी संपली, तर नोंद अपुरी राहते आणि शेतकऱ्याची खेप वाया जाते. आपल्या राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून ही पाहणी सर्वत्र मोबाइलवरून होऊ लागली. शाळा व अंगणवाड्यांच्या अनेक नोंदीही याच मार्गाने जातात. म्हणूनच फोनमधील वीज कोठे खर्च होते, हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

विजेचा दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार म्हणजे शक्ती. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. ५००० मिलिअँपिअर-तासांच्या, ३.८५ व्होल्टच्या बॅटरीत सुमारे १९ वॅट-तास ऊर्जा मावते. चार्जरमधील घट धरून २५ वॅट-तास मानले, तरी एका युनिटमध्ये फोन ४० वेळा पूर्ण भरतो. बिलाच्या दृष्टीने हा खर्च नगण्य आहे. अडचण आहे ती भरलेली वीज दिवसभर पुरण्याची.

हा खर्च भागवार मोजण्याचे महत्त्वाचे काम २०१० साली ऑस्ट्रेलियातील आरन कॅरोल व गर्नोट हायझर या संशोधकांनी केले. ज्याचे विद्युत-आराखडे खुले होते असा ओपनमोको फोन त्यांनी निवडला आणि निरनिराळ्या भागांना वीज पुरविणाऱ्या वाटांवर अल्प रोध बसवून प्रवाह मोजला. प्रकाशित पडदा आणि मोबाइल जाळ्याशी संपर्क ठेवणारा भाग हे सर्वांत खर्चिक ठरले.

आपला फोन प्रत्येक ॲपपुढे बॅटरीची टक्केवारी दाखवितो. तो बहुधा अंदाज असतो. बॅटरीतून जाणारा एकूण प्रवाह मोजता येतो. त्याची वाटणी मात्र कोणता भाग किती वेळ चालला, यावरून हिशेबाने केली जाते.

यासाठी एक सोपी चाचणी करावी. बॅटरी ८० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर येण्यास किती मिनिटे लागली, ते वहीत लिहावे. मग पडद्याचा उजेड कमी करून तेच काम त्याच ठिकाणी पुन्हा करावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. टॉवरपासून दूर फोनला अधिक शक्तीने संदेश पाठवावे लागतात. त्यामुळे जागा बदलल्यास तुलना फसते.

ग्रामपंचायतींनी व शिक्षकांनी अशा नोंदी एकत्र केल्यास, कोणत्या शिवारात जाताना पॉवर बँक सोबत न्यावी, हे आधीच ठरविता येईल आणि केवळ बॅटरीअभावी कोणाची नोंद मागे राहणार नाही.